कारवीचा फुलोरा आणि आमचा रविवार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार कायद्यावर काही बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. "फुलांची छायाचित्रे" असे मी सांगितले. चिटणीस क्षणभर गप्प झाले आणि मग अगदी सभ्यपणे म्हणाले, "म्हणजे, युनियन सोडली की काय?" सोडलेली नाही. वागळे इस्टेटीतल्या आणि तिच्या आसपासच्या कारखान्यांतून वर्गणीच्या पावत्या फाडण्यात, फाटकासभा घेण्यात आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीतल्या बाकावर बसून पुढच्या तारखा घेण्यात माझी तिशीपासूनची सगळी वर्षे गेली आहेत. शिक्षण म्हणाल तर दहावी, तीही रात्रशाळेत. बाकी जे काय शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात बसून. तेव्हा वनस्पतिशास्त्राचा मला अधिकार नाही, आणि छायाचित्रणकलेचा तर त्याहून नाही. परंतु एकाच डोंगराच्या एकाच उतारावर एकाच जातीच्या झुडपाचा फुलोरा मी चार वेळा टिपला आहे, आणि पहिल्या व चौथ्या वेळेच्या मध्ये चोवीस वर्षे गेली आहेत. एवढ्या भांडवलावर आपला थोडा वेळ घेतो.

हे झुडूप म्हणजे कारवी. वसंतात उभे राहून पावसाळ्याच्या उतरणीला फुलणाऱ्या झुडपाविषयी बोलणे कोणाला अवेळी वाटेल. वसंताची म्हणून आपण ओळखतो ती फुले पळस, पांगारा आणि काटेसावर यांची. ही झाडे पाने टाकून मोकळी होतात आणि उघड्या फांद्यांवर लाल-केशरी फुले धरतात. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, इतकेच काय, कावळेसुद्धा त्या मधासाठी येतात. मध्ये पानांचा अडसर नसल्यामुळे फुले लांबून दिसतात; पक्ष्यांनाही आणि आपल्यालाही. छायाचित्र काढणाऱ्याला ही झाडे फार सोयीची. प्रकाश मुबलक, फुले ठसठशीत, आणि झाड बहुधा रस्त्याच्या कडेलाच. नवशिक्याने कॅमेरा प्रथम हातात घ्यावा तो फाल्गुनात, असे मी आमच्या पोरांना सांगत असतो. पुढे चैत्र-वैशाखात बहावा फुलतो, तोही असाच उदार. यांपैकी कोणाचे छायाचित्र यंदा बिघडले तर पुढल्या वर्षी काढता येते. कारवीपाशी ही सवलत नाही.

सह्याद्रीच्या उतारांवर कारवी दाटीने वाढते. पुरुषभर उंच, कोठे त्याच्या दुप्पट. काठीसारखी सरळ, खरखरीत मोठ्या पानांची. उन्हाळ्यात पाने झडून नुसत्या काठ्या उरतात आणि पाऊस पडला की त्यांना पुन्हा पालवी येते. असे सात पावसाळे ती फक्त वाढते. आठव्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या मध्यापासून पुढे, सगळा उतार एकदम निळा-जांभळा होतो. मग फळे धरतात, झुडूप वाळते आणि मरते. आयुष्यात फुलायचे ते एकदाच, असा तिचा नियम. मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. तेथील कारवी २००८, २०१६ आणि २०२४ या साली फुलली. डोंगरागणिक साल वेगळे असते, आणि काही भागांत सात वर्षांचे चक्र सांगतात. तिची केरळातली बहीण नीलकुरिंजी याहून सावकाश. ती बारा वर्षे घेते. २००६ नंतर ती २०१८ साली फुलली.

सगळ्यांनी एकाच साली का फुलावे? शास्त्रज्ञांचा एक तर्क असा की बी खाणारे प्राणी पुष्कळ. एखादे झुडूप एकटेच फुलले तर त्याचे सगळे बी उंदरा-किड्यांच्या पोटात जाईल. सगळा डोंगर एकदम बी टाकतो तेव्हा खाणाऱ्यांची पोटे भरूनही बी उरते. आणि मधली सात वर्षे काहीच मिळत नसल्यामुळे खाणारेही फार वाढू शकत नाहीत. हे प्रथम वाचले तेव्हा वाचनालयात मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. फाटकासभेला याहून चांगला दृष्टांत कोठून मिळणार? वर्षभर मी तो जेथे तेथे वापरला. शेवटी एका म्हाताऱ्या कामगाराने मला बाजूला घेतले आणि म्हटले, "भाऊ, सगळ्या एकदम फुलतात हे तुम्ही सांगता. फुलल्यावर मरतात ते का नाही सांगत?" तो दृष्टांत मी तेव्हापासून सोडून दिला. निसर्गापासून स्फूर्ती घ्यावी असे आपण म्हणतो खरे, पण घेताना आपल्या सोयीचे तेवढेच उचलतो, हे त्या माणसाने मला शिकविले.

आता पहिल्या फुलोऱ्याकडे येतो. साल २०००. मी तीस वर्षांचा होतो आणि वागळे इस्टेटीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात हेल्पर होतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि त्याने सुरुवातीलाच जी क्षेत्रे वसविली त्यांत ही वसाहत होती. तिच्या पाठीशीच येऊरचा डोंगर. आमच्या टूलरूमच्या खिडकीतून तो दिसत असे. पण त्याकडे पाहणारा माणूस एकच होता. तो आमचा टर्नर. वयाने पन्नाशीचा, सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांच्याजवळ एक जुना रशियन झेनिट कॅमेरा होता, वजनाने हातोड्यासारखा. ऑगस्टमध्ये एके दिवशी खिडकीशी उभे राहून ते म्हणाले, "डोंगराचा रंग बदलतोय. रविवारी चल."

फूल जवळून टिपावयाचे तर साध्या भिंगाने भागत नाही. ते ठराविक अंतराच्या अलीकडे स्पष्ट पाहूच शकत नाही. त्यावर उपाय असा की भिंग कॅमेऱ्यापासून थोडे पुढे सरकवावयाचे, म्हणजे मध्ये एक पोकळ कडे घालावयाचे. बाजारात अशी कडी मिळत. दादांनी ते विकत घेतले नाही. झेनिटचे आटे बेचाळीस मिलिमीटर व्यासाचे आणि एक मिलिमीटर पिचचे. टाकाऊ ॲल्युमिनियमच्या दांड्यातून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत लेथवर कडे कातले, एका टोकाला आतून आटे, दुसऱ्याला बाहेरून, आणि आतली चकाकी प्रकाश उधळते म्हणून आतून काळा रंग दिला. कड्याची लांबी एकोणतीस मिलिमीटर. "भिंग अठ्ठावन्नचे. बरोबर निम्मे," ते म्हणाले. त्याचा अर्थ मला पुढे समजला. भिंगाच्या अंतराच्या निम्मे त्याला पुढे सरकविले की फूल फिल्मवर आपल्या खऱ्या आकाराच्या निम्मे उमटते. मात्र प्रकाश सव्वादोन पट लागतो. पावसाळी झाडीत तो आणावयाचा कोठून, हा खरा प्रश्न.

त्या रविवारी आम्ही छत्तीस छायाचित्रांचा एक रोल घेऊन गेलो. एक रोल आणि तो धुण्या-छापण्याचा खर्च म्हणजे माझ्या पगारात जाणवणारी रक्कम होती. त्यामुळे दादा एका फुलापाशी पाऊण तास बसत. वारा थांबण्याची वाट पाहावयाची. ढग पातळ होण्याची वाट पाहावयाची. एखादी सातेरी माशी फुलात शिरण्याची वाट पाहावयाची. दुपारपर्यंत आमची अकरा छायाचित्रे झाली होती. इतका वेळ एका जागी काहीही न करता बसण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. कारखान्यात असे बसले असते तर मेमो मिळाला असता.

येथे रविवारविषयी दोन शब्द बोलतो, कारण तो नसता तर हे काहीच घडले नसते. आठवड्याची सुट्टी पंचांगातून आपोआप आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांतला कामगार एकेकाळी आठवड्याच्या सातही दिवशी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबत असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारून ज्या मागण्या मांडल्या त्यांत रविवारची सुट्टी होती. आणि ती मिळाली १० जून १८९० रोजी. मागणी आणि मान्यता यांच्यात सहा वर्षे गेली. लोखंड्यांच्या मनात त्या वेळी फुले असतील असे मी म्हणत नाही. पण माणसाला आपल्या मालकीचा एक दिवस मिळाला म्हणजे त्याचे तो काय करील, हे सांगणे कोणत्याही मालकाला किंवा पुढाऱ्याला शक्य नाही. दादांनी आपल्या दिवसाचे हे केले.

रोल धुवून आला आणि आमची निराशा झाली. डोळ्यांनी पाहिलेली निळसर जांभळी फुले छापील कागदावर गुलाबी आली होती! मी स्टुडिओवाल्याशी भांडलो. भांडण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, आणि त्या बिचाऱ्याने अर्धे पैसे परत केले. पुढे काही वर्षांनी वाचनालयातल्या एका पुस्तकात कारण सापडले. काही निळी-जांभळी फुले आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अगदी गडद तांबडा प्रकाशही परावर्तित करतात. डोळा तो सोडून देतो; रंगीत फिल्म तो टिपते, आणि निळ्यात तांबडे मिसळून गुलाबी होते. म्हणजे स्टुडिओवाला निर्दोष होता. मी जाऊन त्याचे पैसे दिले. तो हसून म्हणाला, "युनियनवाला पैसे परत करतोय, हे पहिल्यांदा बघतोय." डिजिटल कॅमेऱ्यात असा अदृश्य प्रकाश अडविणारी काच आत बसविलेलीच असते, त्यामुळे हा घोटाळा पुष्कळ कमी झाला आहे.

ते अर्धे पैसे परत करण्याच्या वेळेपर्यंत दादा मात्र राहिले नव्हते. आमचा कारखाना २००३ साली बंद पडला. थकलेल्या देण्यांसाठी दावा लावला, तो मीच चालविला, आणि त्यातूनच मी पूर्णवेळ युनियनच्या कामात ओढला गेलो. दादा कोकणात गावी गेले. जाताना कॅमेरा आणि कडे माझ्याकडे ठेवून म्हणाले, "आठ सालात येतो. या वेळी रंग नीट काढू." २००६ साली ते वारले. दाव्याचा निकाल त्यानंतर लागला आणि पैसे त्यांच्या पत्नीच्या हाती पडले.

२००८ सालच्या सप्टेंबरात मी एकटाच त्याच उतारावर गेलो. हाताशी जुना विकत घेतलेला डिजिटल कॅमेरा होता. एक जोडकडी लावून दादांचे कडे त्यावर बसविले होते. रंग बरोबर आला. परंतु त्या दिवशी मी शंभरावर छायाचित्रे काढली आणि घरी येऊन पाहतो तो त्यांतली ठेवण्याजोगी चारसुद्धा नव्हती. रोलचा खर्च गेला त्याबरोबर थांबण्याची सवयही गेली होती.

ज्यांना हे करून पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. फुलांना ढगाळ दिवस चांगला. कडक उन्हात पाकळीचा पोत जळून जातो आणि सावल्या काळ्या पडतात. सकाळी लवकर जावे, वारा पडलेला असतो. फुलाकडे वरून पाहू नये. गुडघे टेकून, प्रसंगी चिखलात पालथे पडून, कॅमेरा फुलाच्या पातळीला आणावा. त्याने फुलामागे जमीन न येता लांबचा अंधारा डोंगर येतो आणि फूल उठून दिसते. भिंगाचे छिद्र बारीक केले तर पुढून मागपर्यंत सगळे स्पष्ट येते, पण प्रकाश कमी पडून शटर सावकाश चालते आणि फूल हलते. ही ओढाताण कोणत्याही कॅमेऱ्यात सुटत नाही. पावसाळ्यात भिंगावर बुरशी येते, म्हणून घरी आल्यावर कॅमेरा कोरडा करून ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डब्यात ठेवावा. आणि प्रत्येक छायाचित्रामागे तारीख, वेळ, जागा लिहावी. न लिहिलेले छायाचित्र शोभेचे, लिहिलेले पुराव्याचे. कोर्टकचेऱ्या केल्यामुळे मला दुसऱ्याची किंमत अधिक वाटते. फांदी मोडून, वाकवून, बांधून छायाचित्र काढू नये, हे सांगावयास नको.

२००८ नंतर मी एक निराळे काम आरंभिले. फुलोऱ्याला जावयाचे आणि आठ वर्षे विसरावयाचे, हे मला बरे वाटेना. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले; महिन्यामहिन्याचा निसर्ग त्यात त्यांनी लिहिला आहे. ते पुस्तक मी वाचनालयातून इतक्या वेळा नेले की शेवटी ग्रंथपालबाईंनी नाव लिहून घेणे सोडले. त्यावरून मी ठरविले की महिन्यातला एक रविवार त्या एकाच उतारासाठी ठेवावयाचा, फूल असो वा नसो. जानेवारीत वाळलेल्या कारवीच्या काठ्या. एप्रिलमध्ये तापलेली माती आणि खाली एखाद्या बहाव्याचे पिवळे झुंबर. जूनमध्ये बोटभर रोपे, जुन्या मेलेल्या काठ्यांच्या आधाराने उभी. जुलैत कारवीच्या पानावरची अळी. सप्टेंबरात उघड्या कातळावर तेरडा, कवला, सोनकी. ही छायाचित्रे कोणी प्रदर्शनात मांडणार नाही. परंतु २०१६ साली तिसरा फुलोरा आला तेव्हा कोणते झुडूप कोठून कसे वाढत आले ते मला ठाऊक होते, आणि त्या वर्षीची माझी छायाचित्रे सर्वांत चांगली आहेत. त्यांतल्या एकात फुलाखाली मागच्या पिढीची कुजत चाललेली काठी दिसते. पाहणारे बहुतेक विचारतात, "ती काठी काढून का नाही टाकली?"

२०२४ चा फुलोरा वर्तमानपत्रांनी आणि मोबाइलने आधीच गाजविला होता. त्या रविवारी पायवाटेवर जत्रा होती. कारवीच्या दाटीत शिरून, काठ्या मोडून, फुलांत मान घालून लोक स्वतःचीच छायाचित्रे काढीत होते. मला संताप आला. ओरडण्यासाठी तोंड उघडले आणि समोर पाहतो तो इस्टेटीतल्या कंत्राटी कामगारांची पोरे! ज्यांच्या सुट्टीसाठी मी भांडतो तीच. त्यांना मिळालेला एक दिवस घेऊन ती डोंगरावर आली होती, आणि येऊ नका म्हणण्याचा मला काय हक्क? पण या वर्षी तुडविलेली कारवी बी धरणार नाही, आणि तिला दुसरी संधीही नाही, हेही तितकेच खरे. मी वाटेवरच बसलो आणि जो येईल त्याला दादांचे कडे दाखवून भिंगातून एक फूल पाहावयास दिले. काही थांबले. एक मुलगी तर अर्धा तास हलली नाही. पुष्कळसे थांबले नाहीत, आणि संध्याकाळी उतारावर नव्या तीन वाटा पडलेल्या होत्या. त्यांचीही छायाचित्रे मी काढून तारीख घातली आहे.

परत येताना डोंगराच्या पायथ्याशी एका नव्या वसाहतीच्या फाटकावर रखवालदार उभा होता. त्याला युनियनच्या कामामुळे मी ओळखत होतो. बारा तासांची पाळी. साप्ताहिक सुट्टी कायद्यात होती, त्याच्या हजेरीपत्रकात नव्हती. फुललेला डोंगर त्याला फाटकावरून दिसत होता, आणि सबंध हंगामात तो एकदाही वर जाऊ शकला नव्हता. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याला छायाचित्रे दाखविली. तो जव्हारकडचा, वारली. फुलांवरून त्याची नजर पुढे सरकली आणि काठीपाशी थांबली. "ही तर कुडाची कारवी," तो म्हणाला. त्यांच्या घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. काठी किती जून झाली म्हणजे तोडावी, हे त्याने मला दहा मिनिटे समजावून सांगितले. चोवीस वर्षांत ते मला कोणी सांगितले नव्हते. त्यांच्याकडचा डोंगर वेगळ्या साली फुलतो असेही तो म्हणाला. निघताना मी विचारले, "मग, काय हवे?" तो म्हणाला, "भाऊ, बी उडताना बघायचंय. लहानपणी बघितलं होतं."

कारवीची वाळलेली फळे उन्हाळाभर काठीवरच राहतात आणि पुढल्या पावसाच्या पहिल्या सरींनी भिजली की आवाज करून फुटतात. आमच्या हाती आठ-नऊ महिने होते. रखवालदारांच्या सुट्टीचे प्रकरण आम्ही धसास लावले. महिन्यातून दोन रविवार मिळाले, उरलेल्यांचा दावा चालू आहे. २०२५ साली पावसाने मात्र घाई केली. तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, आणि आम्ही चुकलोच असे मला वाटले. त्याच्या वाट्याचा रविवार १ जूनचा होता. भल्या पहाटे दोघे वर गेलो. तासभर काहीच नाही. मग एक सर येऊन गेली, आणि वाळलेल्या काठ्यांतून इकडे तिकडे आवाज सुरू झाला, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. एक बी त्याच्या छत्रीवर येऊन आपटले. त्याने छत्री मिटली आणि भिजत उभा राहिला. कॅमेरा मी पिशवीतून काढला नाही. पाऊसही होता आणि आवाजाचे छायाचित्र निघत नाही.

खाली उतरताना तो बोटांवर काहीतरी मोजीत होता. "बत्तीस साली," तो म्हणाला. "पोरगा तेव्हा बारावीला असेल." मी बासष्टचा असेन, हे मी मनातल्या मनात मोजले. कडे त्याच्याकडे द्यावे की काय, असा विचार येऊन गेला. पण अजून आठ पावसाळ्यांतला पहिलाच सुरू झाला होता, आणि त्या दिवशी रोपे पाहावयाची राहून गेली होती.